घाणेरीची शिवण

माझी थोरली बहीण स्वस्थ बसलेली मी कधी पाहिलीच नव्हती. चाळीस वर्षं तिने शिलाईचं दुकान चालवलं. नजर अधू झाली म्हणून ते बंद केलं आणि घरात उच्छाद मांडला. दिवसातून तीनदा कपाट आवरायची, माझे धडधाकट कपडे उसवून पुन्हा शिवायची. शेवटी वैतागून मी तिला टेकडीवरच्या मंडळींच्या गळ्यात मारलं.

ही मंडळी दर रविवारी टेकडीवर माजलेली परकी घाणेरी काढून इथली मूळची झाडं लावतात. त्यांचे म्होरके म्हणजे एक निवृत्त मास्तर. त्यांचा दंडक असा, की एका वेळी एकच पट्टा काढायचा आणि कोयता घालण्याआधी झुडपात घरटं आहे का ते बघायचं.

"अशाने माझा जन्म जाईल इथे," ताई कुरकुरायची.

त्या रविवारी आम्ही तासभर आधीच पोचलो. मी रोपांना पाणी घालेपर्यंत तिने अख्खा पट्टा आडवा केला होता. शेवटच्या झुडपाच्या खुंटात बुलबुलाचं घरटं उघडं पडलं होतं. आत तीन पिल्लं, पिसंसुद्धा न फुटलेली, थेट उन्हात. आईबाप लांबून कालवा करत होते.

मास्तर आले. "सावली मिळाली नाही तर दुपारपर्यंत संपतील," एवढंच म्हणाले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

ताईने पिशवीतून जाड दोऱ्याचं रीळ काढलं. तोडलेल्या फांद्या उचलून तिने एकेक करून पुन्हा खुंटाला बांधल्या. हात काट्यांनी रक्तबंबाळ झाले.

"घाणेरीला रफू करणारी जगात तू एकटीच," मी म्हणाले. ती हसली नाही.

मग आम्ही लांब जाऊन बसलो. तास झाला तरी बुलबुल फिरकेना. माझा जीव टांगणीला लागला होता. डास मारायला मी हात उचलला, तो तिने घट्ट धरून ठेवला.

"मी बघितलं होतं गं," ती हळूच म्हणाली. "मला दिसलंच नाही."

तेवढ्यात चोचीत किडा धरून बुलबुल आली, दोन फांद्या बदलून आत शिरली.

"आली का?" ताईने विचारलं. ती अगदी त्याच झुडपाकडे बघत होती.

"आली. आत गेली."

पुढच्या रविवारी कोयता हातात घेऊन ती नव्या पट्ट्यापाशी थांबली. मी एकेक झुडूप वाकून बघेपर्यंत तिने पाऊल पुढे टाकलं नाही.