ताकाच्या रंगाची फरशी

आमच्याकडे गॅरेज होतं, गाडी नव्हती. बेंगळुरात घर बांधताना अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, "पुढेमागे होईल की" म्हणून रस्त्याच्या बाजूला एक शटरवाली खोली काढून ठेवली. गाडी काही झाली नाही. जन्मभर कारखान्यात फिटरचं काम केलेला माणूस, निवृत्तीनंतर हाताला चैन पडेना, मग त्यांनी त्या खोलीत शिलाई मशीनं दुरुस्त करायला सुरुवात केली. भिंतीशी टेबल, वर ट्यूबलाइट, आजूबाजूला गल्लीतल्या बायकांची पायमशीनं आणि कपडे शिवणाऱ्या कारखान्यांतून आलेली मोठी मोटारीची मशीनं. मी शाळेत शिकवून चारला घरी यायची. शटर अर्धं वर दिसलं की समजायचं, अण्णा आत आहेत, सगळं ठीक आहे. आई गेली होती, भाऊ नोकरीसाठी परदेशी, घरात आम्ही दोघंच. मी थोरली, म्हणून सगळे मला अक्का म्हणायचे, अण्णासुद्धा.

अण्णांना साखरेचा आजार जुना होता. त्यानं त्यांचे पाय बधिर करून टाकले होते. बधिर म्हणजे किती, तर पायावर गरम चहा सांडला तरी खाली बघून मग म्हणायचे, "अरेच्चा!" आणि गॅरेजची जमीन म्हणजे उखणलेलं सिमेंट. जागोजाग खड्डे, त्यात तेल, त्यात लोखंडाचा कीस. असाच किसाचा एक तुकडा त्यांच्या पायात गेला. कधी गेला, कुणाला पत्ता नाही. घरात वास यायला लागला तेव्हा मी पाय बघितला. डाव्या पायाची करंगळी काढावी लागली.

टाके काढले त्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "या वेळी करंगळीवर भागलं. पुढच्या वेळी पावलावर येईल. त्यांना अनवाणी फिरू देऊ नका."

सांगायला काय जातं! अण्णा रस्त्यावर चप्पल घालायचे, अंगणात घालायचे, आणि नेमकी गॅरेजच्या दाराशी काढायचे. "हत्यारं आहेत तिथं," म्हणायचे. "तू देवघरात चप्पल घालून जातेस का?" मी कापडी बूट आणले, जाड मोजे आणले, एकदा भांडले, एकदा रडले. बूट दाराशी अगदी शेजारी शेजारी, नीट जोडून ठेवलेले असायचे. ते बघितलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. या माणसापुढे मी हात टेकले होते. शेवटी एक दिवस ओरडूनच म्हटलं, "तुम्ही नाही ना चप्पल घालत? ठीक आहे. जमिनीलाच घालते!"

बोलले रागात, पण मग ते डोक्यातून जाईना. कारण तशी जमीन मी बघितली होती. अण्णांनी दुरुस्त केलेलं एक मशीन पोचवायला आम्ही एका कपड्यांच्या कारखान्यात गेलो होतो. तिथं दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या बायकांच्या पायाखाली विनाइलच्या फरश्या होत्या. जाड, किंचित मऊ, प्रत्येकीच्या कडेला दात. एकीचे दात दुसरीच्या खाचेत बसवायचे, वरून हातोडा मारायचा, झालं. सिमेंट नको, गवंडी नको. खराब झाली तर तेवढीच उचलायची. त्याच कारखान्यात अण्णांनी मला आणखी एक गोष्ट दाखवली होती. सुई मोडली की तिचे सगळे तुकडे शोधायचे आणि वहीत चिकटवायचे. तुकडा सापडेपर्यंत ते मशीन चालू करायचं नाही, कारण हरवलेला तुकडा कुणाच्या तरी सदऱ्यातून निघतो. अण्णांनी ती पद्धत घरीही लावली होती. टेबलावर वही, वहीत चिकटपट्टीखाली सुयांचे तुकडे. शोधायला काठीला बांधलेलं एक लोहचुंबक.

अशा फरश्या होसकोट्याला बनतात असं कळलं. एका शनिवारी दोघं बस पकडून गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये छोटासा कारखाना, बाहेर रंगारंगाच्या फरश्यांचे ढीग. हिरव्या, करड्या, काळ्या, आणि एक ताकासारखा पांढुरका रंग. काहींवर नाण्याएवढे गोल उठाव, काही सपाट. मालक कानडीतून प्रत्येकीचं कौतुक सांगत होता. मी पर्समधून सुयांची पुडी काढली आणि प्रत्येक फरशीवर एकेक सुई टाकत गेले. करड्यावर सुई दिसेना. उठावाच्या फरशीवर दोन गोलांच्या मध्ये जाऊन लपली. ताकाच्या रंगावर मात्र चार पावलांवरून दिसली.

"अक्का, रंगोळी घालताय काय?" मालक हसायला लागला.

"ह्याच द्या," मी म्हटलं.

"काळ्या घ्या," अण्णा म्हणाले.

झालं, त्या ढिगांसमोर आमची जुंपली. अण्णांचं म्हणणं, तेलाचं काम आहे, पांढरी फरशी आठ दिवसांत कळकट होईल, काळ्यावर काही दिसत नाही. मी म्हटलं, "अण्णा, मला दिसायलाच हवंय. सुई पडली तर सुई दिसू दे. रक्त आलं तर रक्त दिसू दे." पण हार मानतील तर अण्णा कसले! टेबलाखाली आणि खुर्चीखाली तरी काळ्या हव्यात म्हणून अडून बसले. तेल तिथंच सांडतं, म्हणे. मालक एकदा अण्णांकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं घ्या बारा काळ्या. बाकी सगळ्या पांढऱ्या.

"सरी, सरी," म्हणजे बरं बरं, मालक म्हणाला, आणि बिचारा सुटला एकदाचा.

फरश्या आम्हीच बसवल्या. खरं तर शटरच्या कडेपासून सुरुवात करायला मालकानं सांगितलं होतं. पण शुभ कार्य ईशान्येकडून, म्हणून अण्णांनी ईशान्य कोपऱ्यात नारळ फोडून पहिली फरशी ठेवली. संध्याकाळपर्यंत शटरपाशी पोचलो तर तिथं चार बोटांची फट. मग कापा पट्ट्या! वर आणखी, भिंतीशी जरा जागा सोडा असं बजावलेलं असताना अण्णांनी फिटरच्या इमानानं एकेक फरशी भिंतीला घट्ट भिडवली. एप्रिलमध्ये ऊन तापल्यावर मधली जमीन पापडासारखी वर आली. पुन्हा सगळ्या कडा कापल्या. पण नंतर ती जी बसली ती बसली. पायाला गार लागायची नाही, खडा नाही, खड्डा नाही. दर संध्याकाळी मी ओलं फडकं फिरवायची आणि फडक्याकडे बघायची. तेल, धूळ, दोरे. बाकी काही नाही. रात्री मला झोप यायला लागली. पाच-सहा महिने असे सुखात गेले.

मग खंडेनवमी आली. बेंगळुरात त्या दिवशी गल्लीतली प्रत्येक स्कूटर, रिक्षा, पिठाची गिरणी धुऊन, हार घालून उभी असते. अण्णांनी सगळी मशीनं पुसली, हत्यारं ओळीनं मांडली, गंधफूल वाहिलं. एकदा हत्यार पूजेला मांडलं की दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा नियम. शेवटी शटरपाशी कोहळा कापून, त्यात कुंकू कालवून, दृष्ट काढून फोडला. लाल पाणी माझ्या पांढऱ्या जमिनीवर पार आतपर्यंत उडालं. अण्णा त्यातूनच अनवाणी येरझाऱ्या घालत होते. सणाच्या दिवशी कशाला कटकट! पुसायचं ते दसऱ्याला.

दसऱ्याच्या सकाळी पूजा झाल्यावर मी बादली घेऊन बसले. कुंकू निघेना. विनाइलनं रंग पिऊन घेतला होता. साबण लावला, रॉकेल लावलं, तरी गुलाबी डाग तसेच. मी चरफडत घासत होते आणि अण्णा टेबलाखाली वाकून, काठीचं चुंबक फिरवत पुटपुटत होते.

"काय शोधताय?"

"अर्धी सुई. काल पूजेआधी शेवटचं मशीन चालवून बघितलं, तर मोडली. एक तुकडा मिळाला. दुसरा बघेपर्यंत तू आरतीला हाक मारलीस."

"मग नंतर का नाही शोधली?"

"चुंबक पूजेत मांडलं होतं ना! त्याला हात कसा लावणार?"

मी कपाळावर हात मारला आणि पुढचा डाग पुसला. तो निघाला. एकदा फडकं फिरवलं, साफ. वाटलं, चला, एक तरी निघाला. त्याच्या पुढचाही निघाला. त्याच्या पुढचाही. काळ्या फरश्या संपतात तिथून कोपऱ्यातल्या नळापर्यंत, पावला पावलाच्या अंतरावर, एका रेषेत लहान लहान डाग होते, जरा तपकिरी. ते सगळे निघत होते. बाजूचे गुलाबी मात्र ढिम्म.

मी फडकं उलटं करून बघितलं. कुंकू निघत नव्हतं. जे निघत होतं ते कुंकू नव्हतं.

"अण्णा, बसा."

"थांब गं, मिळेल इतक्यात."

"खाली बसा म्हणते ना!" आयुष्यात वडिलांवर अशी ओरडले नसेन. ते घाबरून खुर्चीत बसले. मी उजवा पाय मांडीवर घेतला. टाचेत एक काळा ठिपका होता, भोवती थोडी लाली. त्यांच्या हातातलं चुंबक मी टाचेजवळ नेलं तर ठिपक्याभोवतीची कातडी हलकेच वर उचलली गेली. आम्ही दोघांनीही ते बघितलं. चोवीस तास हा माणूस त्या तुकड्यावर उभा होता, चालत होता, आरती म्हणत होता, आणि आता तोच तुकडा जमिनीवर शोधत होता.

"अरेच्चा," अण्णा म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता.

रिक्षाला झेंडूचा हार होता. त्या हाराकडे बघत मी सगळ्या वाटभर एकच म्हणत होते, पाऊल वाचू दे, पाऊल वाचू दे. अण्णांनी माझा हात धरून ठेवला होता. डॉक्टर सणाचे कपडे घालून दवाखान्यात आले. एक्स-रे काढला, टाच उघडली, तुकडा काढला, जखम धुतली. मी बाहेर बाकावर बसले होते, बोटांना अजून रॉकेलचा वास. तासाभरानं बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "कळलं कसं तुम्हाला? यांना तर काही दुखत नाही."

"जमीन पुसत होते," मी म्हटलं.

"अजून पसरलेलं नाही. चार दिवसांनी आला असतात तर मी हे बोलू शकलो नसतो. पाय वाचला."

माझा जीव भांड्यात पडला. आणि मग भर दवाखान्यात, नर्ससमोर, आधी हसू आलं आणि त्या हसण्यातच मी हमसाहमशी रडले. अण्णा आतून विचारत होते, "अक्का, काय झालं? अगं, दुखत नाही मला!" त्यांना दुखत नव्हतं याचंच तर रडू होतं, पण ते सांगायचं कसं!

तुकडा त्यांनी डॉक्टरांकडून मागून घेतला. घरी येऊन वहीत दुसऱ्या अर्ध्या तुकड्याशेजारी चिकटवला. दोन्ही टोकं जुळवून बघितली, मग चिकटपट्टी लावली.

जखम भरायला तीन आठवडे लागले. त्यानंतरच्या एका दिवशी मी चारला घरी आले तर शटर अर्धं वर, आणि आतून ठक ठक आवाज. बघते तर अण्णा गुडघ्यांवर बसून रबरी हातोड्यानं फरश्या ठोकत होते. टेबलाखालच्या, खुर्चीखालच्या बाराही काळ्या फरश्या उचलून त्यांनी मागच्या कोपऱ्यात कपाटाखाली नेल्या होत्या आणि तिथल्या पांढऱ्या टेबलाखाली आणल्या होत्या.

"हे काय?" मी विचारलं.

"काही नाही गं. इथं खाली स्वल्प अंधार होतो," मान वर न करता म्हणाले. "सुई दिसत नाही."

बूट दाराशी जोडून ठेवलेले होतेच. पर्स ठेवली, हात धुतले, फडकं ओलं करून आणलं. शेवटची फरशी बसवून अण्णा खुर्चीत टेकले आणि, मी मागितला नसताना, आधी उजवा आणि मग डावा, दोन्ही तळपाय त्यांनी माझ्यासमोर स्टुलावर ठेवले.

"बघ," म्हणाले.