चिंचेला टांगलेली माणसं

किस्से कुणी जमवत नाही, ते आपोआप साठतात. घरातल्या माळ्यावर डबे-पिशव्या साठतात ना, तसे. एकदा काही काढायला म्हणून वर हात घालावा, तर नको असलेलंच आधी डोक्यावर पडतं! डोंगरकडे चढणाऱ्या तुमच्या मंडळींचे किस्से सांगा, असं लोक मला म्हणतात आणि हसायची तयारी करूनच समोर बसतात. हसा बापडे. आम्हीही हसायचो.

आम्ही तिघं होतो. मी शाळामास्तर. दिनकर गायकवाड एकलहऱ्याच्या वीज केंद्रात शिफ्ट ड्यूटीला, राहायला नाशिकरोडला. आणि मधू बोरस्ते. मूळचा घोटीचा, वडिलांची तिथं भाताची गिरणी, आणि हा नाशकात खोली घेऊन एका औषध कंपनीचा माल विकायचा. मधूचं तोंड चोवीस तास चालू. डॉक्टरांना गोळ्या विकायच्या सवयीनं तो आम्हाला डोंगर विकायचा. "हा कडा घ्या मास्तर, एकदम पौष्टिक आहे!"

*

पहिला दोर आम्ही रविवार कारंज्यावरच्या एका दुकानातून घेतला. नायलॉनचे दोर तेव्हा मुंबईत कुणाकुणाकडे असतात, असं नुसतं ऐकून होतो. दुकानदारानं विचारलं, "बैलाला पाहिजे का विहिरीला?"

मधू म्हणाला, "माणसाला."

दुकानदार आमच्याकडे बघत राहिला. मग आत गेला आणि जाडजूड दोराचं वेटोळं घेऊन आला. "मग हा घ्या. बैल सुटला तर दुसरा मिळतो!"

दोर खरंच मजबूत निघाला. शेवटपर्यंत तुटला नाही. तुटला असता तर निदान एक उत्तर तरी असतं, असं पुढं मला कितीदा तरी वाटलं आहे.

*

आणीबाणी उठली त्या वर्षीच्या हिवाळ्यातली गोष्ट. अंजनेरीच्या अंगाला एक कडा आहे, खालून आत गेलेला आणि वरून पोट सुटल्यासारखा पुढं आलेला. दिनकर आधी वर पोचला. वर बसून, दगडाला पाय देऊन, त्यानं दोर स्वतःच्या कमरेभोवती घेतला. तेव्हा अशीच पद्धत होती. दोराचं दुसरं टोक मधूच्या कमरेला; तो अर्ध्या कड्यावरच्या कपारीतून वर निघालेला. मी खाली उभा.

त्या पोटाशी मधूचा हात सुटला आणि तो हवेत झुलायला लागला. कडा त्याच्यापासून हातभर लांब. पाय पोचेना, हात पोचेना. दिनकरला एकट्याला त्याला ओढून घेता येईना. खाली सोडावं तर दोर जमिनीपर्यंत पुरणारा नव्हता. आणि जागेवरून उठावं, तर दिनकर हाच दोराचा खुंटा!

सुरुवातीला मधू हसत होता. "दिन्या, चहा सांग रे दोन! मी लटकलोय!"

मी गावाकडे पळालो. माणसं गोळा केली. ती मागच्या वाटेनं वर चढली आणि सगळ्यांनी मिळून दोर ओढला. मधू तोवर गेला होता. अंगावर जखम नाही, खरचटलेलंसुद्धा नाही. कमरेला बांधलेल्या दोरावर माणूस नुसता लटकत राहिला, तर दोर बरगड्यांत रुततो आणि श्वास कोंडतो. हे आम्हाला फार नंतर कळलं. दिनकरच्या मुठी दोरावरून सोडवायला दोन माणसं लागली.

*

दहाव्याला आम्ही दोघं घोटीला गेलो. गिरणी बंद होती. मधूचे वडील, सगळे त्यांना नाना म्हणत, ओट्यावर बसले होते. त्यांनी आम्हाला पाणी दिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग म्हणाले, "दोर तुटला व्हता का?"

"नाही नाना," दिनकर म्हणाला.

"हातपाय मोडलं व्हतं का त्याचं?"

"नाही."

"मंग वर का नाय आला?"

दिनकरनं माझ्याकडं बघितलं. मी शाळेत दिवसभर पोरांना उत्तरं सांगणारा माणूस. मी पाण्याचा पेला परत उचलला.

नाना रागावले नव्हते. गिरणीचा पट्टा का उतरतो, हे विचारावं तसं त्यांनी विचारलं होतं. यंत्र धड, पट्टा धड, मग माल का येत नाही? त्या माणसाला खरोखर कळत नव्हतं.

*

पुढच्या वर्षी दिनकरनं रजा साठवली आणि हिमालयात गिर्यारोहण शिकायला गेला. महिन्यानं परत आला. आम्ही स्टेशनवर घ्यायला गेलो. आम्ही म्हणजे मी आणि सुळे. हा सुळे बँकेत कारकून, नुकताच आमच्यात आलेला. आम्हाला वाटलं, गडी बर्फाच्या गोष्टी सांगेल.

त्यानं खिशातून दोन बारीक दोऱ्यांचे फास काढले. एकेक हातभर लांबीचे. "हे बघा," म्हणाला, आणि स्टेशनबाहेर एका हातगाडीच्या दोराला त्यानं त्यांतला एक गुंडाळून दाखवला. भार दिला की गाठ दोराला घट्ट धरते. भार काढला की सरकते. असे दोन फास. एक कमरेला, एक पायाला. पायातल्यावर उभं राहायचं, कमरेचा वर सरकवायचा. कमरेच्यावर बसायचं, पायातला वर सरकवायचा. लटकलेला माणूस आपला आपण वर येतो. वरच्यानंही दोर अशाच फासानं दगडाला अडकवून ठेवायचा, की तो मोकळा.

सुळे म्हणाला, "अरे वा! सोपं आहे की!"

दिनकर म्हणाला, "हो. सोपं आहे."

मग रिक्षात घरापर्यंत त्याचा हात त्या फासांवरच होता. नानांच्या प्रश्नाचं उत्तर आता त्याच्या खिशात होतं. आणि ते घेऊन घोटीला जायची त्याची छाती होत नव्हती.

*

त्यानंतर आणखी दोन-चार पोरं आमच्यात आली आणि एक नियम आला. पांडवलेण्याच्या पायथ्याजवळ चिंचेचं एक मोठं झाड होतं. दर रविवारी आधी त्या चिंचेला लटकायचं. दोन फासांवर, कुणाची मदत न घेता, फांदीपर्यंत यायचं. जो येईल, तोच कड्याला हात लावणार. दिनकर खाली हाताची घडी घालून उभा. कुणी विव्हळला तरी हलायचा नाही.

त्या फासांना आम्ही नाड्या म्हणायचो. "नाड्या आहेत का?" हा आमचा नमस्कार झाला!

एका रविवारी कुणीतरी वाटसरूनं लांबून ते झाड पाहिलं आणि थेट चौकी गाठली. "साहेब, चिंचेला चार माणसांनी फाशी घेतली!" हवालदार सायकल दामटत आला. येऊन बघतो तर चार मुडदे एकमेकांशी क्रिकेटबद्दल भांडतायत!

"खाली उतरा आधी!" तो ओरडला.

सुळे वरून म्हणाला, "साहेब, ते जमत नाही म्हणूनच तर शिकतोय!"

हवालदार हसला, आम्हीही हसलो. दिनकर हसला नाही. त्यानं हवालदाराला बाजूला नेलं आणि शांतपणे सगळं सांगितलं. हवालदारानं टोपी काढून घाम पुसला. जाताना म्हणाला, "शिकवा, शिकवा. आणि जरा लवकर शिकवा."

*

सुळ्याचं लग्न पंचवटीतल्या एका कार्यालयात. मुंडावळ्या बांधून सुळे बोहल्यावर जायला निघाला आणि दिनकर आडवा आला. "नाड्या?"

"अरे, लग्न आहे माझं!"

"नाड्या आहेत का?"

मुलीचे मामा घाबरले. त्यांना वाटलं, हा देण्याघेण्याचाच काहीतरी नवा प्रकार! सुळ्यानं चरफडत शेरवानीच्या खिशात हात घातला आणि दोन्ही फास बाहेर काढले. होते! आम्ही टाळ्या पिटल्या.

सुळ्याची बायको नलिनी हे सगळं दाराआडून ऐकत होती. पुढं तिनं एकदा सुळ्याला खोदून खोदून विचारलं आणि मधूची गोष्ट काढून घेतली. तेव्हापासून रविवारी सकाळी सुळे निघाला, की ती दारात उभी. इतरांच्या बायका विचारतात, डबा घेतला का. ही विचारायची, "नाड्या घेतल्या का?" आणि खिसा स्वतः चाचपून बघायची.

*

त्याच नलिनीचा नवरा वर्षभरात ब्रह्मगिरीच्या बाजूला एका कड्यावरून सुटला. तसाच. पोटाखाली, हवेत.

वर दिनकर. त्यानं दोर फासानं दगडाला अडकवला, स्वतःला सोडवून घेतलं आणि कड्याच्या काठावर पालथा पडून खाली बघायला लागला. मी त्याच्या शेजारी. खालून सुळ्याचा आवाज आला, "ओरडू नका रे! मी येतोय!" आणि तो खरंच आला. सुरवंटासारखा, थोडा थोडा, तोंडानं अखंड शिव्या देत. वर येऊन बसला आणि म्हणाला, "कुणाकडे विडी आहे का?"

आम्ही त्याला मिठ्या मारल्या. मी तर रडलो. दिनकर कुठंय म्हणून बघितलं, तर तो एका दगडामागं उलटी करत होता. मी पाठीवर हात ठेवला.

"आला ना वर! आता काय झालं तुला?"

तोंड पुसत म्हणाला, "सुळ्या आला मास्तर. म्हणजे मधूपण आला असता."

त्या दिवसानंतर मला त्या नाड्यांना सोपं म्हणवेना.

*

दर वर्षी मधूच्या दिवशी दिनकर एसटीनं घोटीला जायचा. जाताना ठरवून जायचा की यंदा नानांना सांगायचंच. नाना पाणी द्यायचे, चहा द्यायचे आणि कधीतरी मध्येच तोच प्रश्न यायचा. "एवढा तरणाबांड गडी. मंग वर का नाय आला रे दिनकर?"

आणि दिनकर म्हणायचा, "नशीब, नाना."

निघताना नाना त्याच्या हातात आंबेमोहोर तांदळाची पिशवी ठेवायचे. "मधूला लय आवडायचा. घेऊन जा." दिनकर उत्तर द्यायला जायचा आणि तांदूळ घेऊन यायचा! तो तांदूळ त्याच्या घरात कधी शिजला नाही. अर्धा माझ्याकडे, अर्धा सुळ्याकडे. आम्ही खायचो. सगळ्या घरभर वास सुटायचा. माझी बायको म्हणायची, "असला तांदूळ बाजारात मिळत नाही हो." मी मान डोलवायचो.

मी त्याला एकदा म्हणालो, "सांगून टाक ना बाबा. मोकळा होशील."

"मी मोकळा होईन," दिनकर म्हणाला. "नानांचं काय? मुलगा हातभर दोरीवाचून गेला, असं सांगू त्यांना? नशीब म्हटलं तर निदान झोप लागते माणसाला."

*

बरीच वर्षं गेली. दोराच्या जागी नायलॉन आला, कमरेच्या गाठीच्या जागी तंबूवाल्याकडून शिवून घेतलेले मांड्यांत घालायचे पट्टे आले. चिंच तीच.

एका रविवारी सकाळी रस्त्यावर एसटी थांबली आणि नाना उतरले. धोतर, टोपी, हातात तांदळाची पिशवी. दिनकर त्या वर्षी घोटीला गेला नव्हता. जाववलंच नव्हतं त्याला.

नानांनी पिशवी चिंचेच्या बुंध्याशी ठेवली. वर लोंबणारा दोर बघितला. "तू माणसं टांगतो म्हणं, दिनकर. गिरणीवर एक पोरगा सांगत व्हता."

"शिकवतो, नाना."

"मंग मला टांग."

दिनकर नाही नाही म्हणाला. वय सांगितलं, धोतर सांगितलं, ऊन सांगितलं. नानांनी ऐकून घेतलं. "माझा पोरगा टांगला व्हता ना? मंग मला काय हुतंय? बांध."

दिनकरनं पट्टा बांधला. धोतर आवरून घ्यायला सुळ्यानं मदत केली. आम्ही दोर ओढला आणि नानांचे पाय जमिनीवरून सुटले. ते हळूहळू फिरत राहिले. एकदा लेण्यांच्या बाजूला तोंड, एकदा आमच्याकडं.

"आता?" त्यांनी विचारलं.

दिनकरनं फासाचे वेढे दोनदा चुकीचे घातले, दोनदा सोडवले. शेवटी दोन्ही फास दोरावर बसले. "हा पायात घाला. उभं राहा. आता वरचा सरकवा. बसा."

नाना उभे राहिले. सरकवला. बसले. जन्मभर पोती उचललेला माणूस, पहिल्या दोन वेळा चुकला आणि मग चुकला नाही. उभं राहा, सरकव, बस. घाईसुद्धा नव्हती त्यांना. मध्येच टोपी खाली पडली, ती मी उचलली. नुसती फांदी कुरकुरत होती.

नाना फांदीपाशी पोचले. तिच्यावर तळवा ठेवला. मग त्या दोन दोऱ्यांकडं बघितलं. एकीवरून अंगठा फिरवला.

"ह्या मधूकडं नव्हत्या?"

"कुणाकडंच नव्हत्या, नाना," दिनकर खालून म्हणाला. "आम्हाला माहीतच नव्हतं."

नानांनी पायातला फास एकदा वर, एकदा खाली सरकवून बघितला. मग त्यांनी खाली बघितलं.

"एवढंच व्हतं व्हय रे, दिनकर?"