सुभेदारांची सूची

सुभेदार कुठलंही पुस्तक मागून उघडायचे. आमच्या सांगलीच्या डीटीपीच्या दुकानात नमुन्यादाखल ठेवलेली पुस्तकं त्यांनी पहिल्याच दिवशी अशी चाळली आणि शेवटी नावांची सूची नाही म्हणून एकेक बाजूला सारली. "हजेरी न घेताच परेड?" म्हणाले.

त्यांचं गाव रहिमतपूरजवळचं. घरटी एक माणूस फौजेत. त्या गावावर त्यांनी पुस्तक लिहिलं होतं. त्यांच्या बायकोला, काकूंना, उपचारासाठी मिरजेच्या दवाखान्यात ठेवलेलं, म्हणून ते कुपवाडला लेकीकडे उतरले होते. कारखान्यात जाता जाता जावई त्यांना गाडीवरून माझ्याकडे सोडायचे. डॉक्टरांनी फारशी आशा दिली नव्हती. काकू आहेत तोवर पुस्तक त्यांच्या हातात पडावं एवढीच त्यांची घाई होती, आणि तीही त्यांनी हवामान सांगावं तशा आवाजात सांगितली.

सूची म्हणजे मानेचं आणि डोळ्यांचं मरण. मजकुरातल्या प्रत्येक नावावर खूण लावायची, मग सॉफ्टवेअर ती नावं गोळा करतं आणि पानांच्या आकड्यांसह अकारविल्हे लावतं. पण खूण हातानंच लावावी लागते. शेजारच्या स्टुलावर ताठ बसून सुभेदार विचारायचे, "लागली?" मी म्हणायची, "लागली." की पुढचं नाव. लग्नपत्रिका आणि हँडबिलं करून मी आधीच पिचलेली, त्यात दिवसभर हे.

त्यातून गाव एकाच आडनावाचं. पहिली सूची काढली तर सगळं गाव एका अक्षराखाली येऊन उभं राहिलं. आडनावानं गावात कोण कुणाला ओळखतं, असं म्हणून सुभेदारांनी मान हलवली. मग स्वतःचं नाव, बापाचं नाव, मळ्यातला की माळावरचा, असं सगळं पुन्हा केलं. ते संपतंय तोवर कुणीतरी आजोबांचा वर्दीतला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं. फोटो घातला की पानं सरकायची. सूची नव्यानं काढली की आकडे आपोआप बदलतात, हे मी परोपरीनं सांगितलं. पण ऐकतील तर ते सुभेदार कसले. पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून तपासायला बसायचे. मला राग यायचा. दुपारी डबा उघडून त्यांनी अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली की तो जायचाही. माणूस मला आवडायला लागला होता.

शेवटचं प्रूफ घेऊन ते दवाखान्यात गेले आणि दुसऱ्या दिवशी तेच प्रूफ घेऊन परत आले. काकूंनी लेकीकडून सगळी सूची वाचून घेतली होती. अख्खं गाव तिच्यात होतं, काकू नव्हत्या. मी मजकुरात शोधून पाहिलं. 'आमची मंडळी', 'घरातून', 'पोरांची आई'. काकू पानोपानी होत्या. नवरा सीमेवर असताना विहीर खोदून घेतलेल्या, गावातल्या फौजींच्या बायकांना पत्रं लिहून देणाऱ्या. पण नाव एकदाही नाही. नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायचं नसतं, ही जुनी रीत सुभेदारांनी लिहितानाही पाळली होती.

"आता समदं फिरून लिवायचं?" त्यांनी विचारलं. इतक्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदाच थकलेलं पाहत होते.

मजकुराला हात लावायची गरज नव्हती. खुणेत आपल्याला हवं ते नाव घालता येतं. पानावर 'आमची मंडळी' तशीच राहील, सूचीत मात्र नाव येईल. मी म्हटलं, "नाव सांगा, काका."  त्यांनी प्रूफच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहून कागद माझ्याकडे सरकवला. हौसाबाई.

संध्याकाळपर्यंत आम्ही सगळ्या खुणा लावल्या. सूची काढली तर सर्वांत जास्त पानं काकूंच्या नावापुढे आली. त्या सूचीचा कागद घेऊन ते तसेच मिरजेला गेले.

पुन्हा आले ते बऱ्याच दिवसांनी. काकू गेल्या होत्या. पुस्तक आता छपाईला सोडायचं होतं. काकूंनी नाव पाहिलं का, एवढंच मी विचारलं.

"बगितलं. लेकीनं पानं वाचून दावली. मग मला म्हनली, लिवलंसा, आता येकदा तोंडानं म्हना."

"म्हणालात?"

"म्हनलो की. आदी दारात जाऊन बगितलं कोन हाय का, मग म्हनलो." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "पन तवर तिचा डोळा लागला हुता. आयकलं का न्हाई, ते काय कळलं न्हाई, ताई."