देव नसलेला डोंगर

आमच्या नामपूरकडे माणूस डोंगर चढतो तो देवासाठी, नाहीतर हरवलेल्या शेळीसाठी. त्यामुळे नाशिकला आल्यावर मी दर रविवारी कुठला ना कुठला किल्ला चढते, हे गल्लीत कळलं तेव्हा माय अडचणीत आली. शेजारणी विचारू लागल्या. तिनं सांगून टाकलं, "नवस शे तिना." पुढचं गल्लीनंच ठरवलं. लग्नाच्या वयाची पोर नवस करते म्हणजे तो नवऱ्यासाठीच. मी घरी गेले की कुणीतरी हळूच जवळ येऊन विचारायचं, "पावना का देव, बाई?"

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. आईवडील दोघं कांद्याच्या खळ्यावर कामाला. माय कांदा निवडते, अजूनही. तिच्या त्या काळ्या पडलेल्या बोटांवर मी कृषी पदवीपर्यंत पोचले, हे मला एक दिवसही विसरता येत नाही. आणि म्हणूनच गेल्या नोव्हेंबरात माझी कोंडी झाली.

माझं काम दिंडोरीच्या बाजूला. छोट्या बागायतदारांच्या द्राक्षबागा फिरायच्या, पानं उलटी करून बघायची, हवा बघायची आणि आज औषध मारायचं की नाही ते सांगायचं. बहुतेक वेळा मी "नको" म्हणते. त्यावर बागायतदारांचा ठरलेला विनोद आहे: ही ताई पैसे घेऊन गप बसायला सांगते. पण न मारलेलं औषध फवारणाऱ्याच्या छातीतही जात नाही आणि खाणाऱ्याच्या पोटातही जात नाही. मला हे काम मनापासून आवडतं. त्यातून म्हसरूळच्या खोलीचं भाडं निघतं, स्कूटरमध्ये पेट्रोल पडतं, आणि रविवार माझा राहतो.

तेवढ्यात पिंपळगावच्या एका पॅकहाऊसमधून बोलावणं आलं. कायम नोकरी, बारा महिने, निर्यातीच्या द्राक्षांच्या पेट्या तपासायच्या. बागा सोडाव्या लागणार होत्या आणि रविवारही. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. मी फोनवर मायला बोलून बसले. शनिवारी दुपारी ती बाजरीच्या पिठाची पिशवी घेऊन एसटीतून उतरली.

"कायमनी शे ना? मंग काय इचार करस?"

जिची मजुरी पाऊस पडला की थांबते, तिच्यापुढे मी कोणत्या तोंडानं म्हणणार होते की मला कायमची नोकरी नको? मी म्हटलं, "उद्या माझ्याबरोबर डोंगरावर चल. खाली आल्यावर तू सांगशील तसं करू."

सकाळी आम्ही दिंडोरीकडच्या एका लहानशा किल्ल्यावर गेलो. मायनं लुगडं खोचलं, चपला काढून पिशवीत टाकल्या आणि वाटेत एकदाही थांबली नाही. माथ्यावर पोचल्यावर मात्र इकडंतिकडं बघू लागली. पडकी तटबंदी, पाण्याचं टाकं, गवत.

"देव कोठे शे?"

"इथं देव नाही, माय."

"नारळ आणेल शे ना मी!"

मी हसू दाबलं. ती चिडली. "मंग आठे काय करतस लोके?"

"बसतात."

"बठाले इतलं चढतस?"

पण बसली. वारा चांगला होता. थोड्या वेळानं तिनं पाय लांब केले, डोक्यावरचा पदर खाली पडला तो तसाच राहू दिला. नारळ आम्ही दगडावर फोडून खाल्ला. खालच्या हिरव्या चौकोनांतले माझे कोणते ते मी दाखवत होते. इतका वेळ नुसती बसलेली माय मी तोवर पाहिली नव्हती.

पश्चिमेला ढग दिसत होते. एका बागायतदाराचा फोन आला. "ताई, लय आभाळ आलंय. मारू का औषध?"

"थांबा, भाऊ. येते मी तासाभरात."

त्यांची बाग उतरतानाच लागत होती. पानं उलटून पाहिली, डावणी रोगाचा एकही डाग नव्हता. ढगही वाऱ्यानं फाटत चालले होते. मी म्हटलं, "आज नको."

भाऊ मायकडे वळले. "बघा मावशी, तुमची लेक! टाकी भरून ठेवलीय, अन् ही म्हणते गप बसा. बाग गेली म्हणजे?"

मला वाटलं, आता माय म्हणणार, उद्यापासून येणारच नाही ती. तिनं वेलीचं एक पान हातात घेतलं, माझ्यासारखंच उलटं केलं आणि फणकारली, "ती सांगस ना भाऊ, मंग आयकी ले! सोळा सालं शिकाडेल शे तिले, फुकट नही!"

भाऊ हसले. चहा सांगितला.

परत येताना स्कूटरवर माझ्यामागे बसून तिनं माझा खांदा धरला. मग कानाशी म्हणाली, "त्या पॅकहाऊसले सांग, हंगामले येसू. बाकी मोकळी ऱ्हाय. आम्हनं बी कांदानं तसंच शे."

हे मला सुचलं नव्हतं. काढणीच्या महिन्यांत बागेत फवारणी जवळजवळ बंदच असते, मला तिथं फारसं काम नसतं. सोमवारी मी पॅकहाऊसच्या साहेबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "असं आमच्याकडे नसतं." आठवड्यानं त्यांचाच फोन आला, माणसं मिळत नव्हती. म्हणाले, जानेवारीपासून या.

ते चार महिने रविवारची सुट्टी नव्हती, पाय आखडले, किल्ल्यांवर दुसरी मंडळी जाऊन फोटो पाठवत होती. एप्रिलमध्ये शेवटचा कंटेनर गेला त्या संध्याकाळी मी घरी फोन केला. माय खळ्यावरून नुकतीच आली होती. मी काही बोलायच्या आत तिनं विचारलं, "येत्या रविवारले कोणता डोंगर शे?"