सोडलेलं संत्रं आणि सोनाळ्याची वाईन

माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीला सोनाळ्याच्या आपल्या संत्र्याच्या बागेत वाईन चाखायची खोली काढायची होती. खोली तशी तयारच होती. बागेच्या तोंडाशी एक गोदाम आहे, जाड भिंतींचं, उन्हाळ्यातही आत गार. अडचण गोदामाच्या मालकाची होती, म्हणजे तिच्या सासऱ्यांची. दसऱ्यानंतर तिथं कापूस पडतो, आणि कापूस कोणाला चाखून दाखवावा लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. तिनं मागच्या बहाराची थोडी संत्री सोलून मेहकरकडच्या एका परवानाधारक कुटुंबाला देऊन वाईन करायला लावली होती. फळं हिची, टाकी त्यांची. सासऱ्यांनी अट घातली ती अशी, की ही वाईन घराबाहेरच्या, तोंडावर खरं बोलणाऱ्या माणसानं चाखावी. तो चांगली म्हणाला तर गोदाम तिचं, नाही तर कापसाचं.

तिनं माझं नाव सांगितलं.

याचं मूळ फार जुनं आहे. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा पुढं आलेले पोहे या धाकट्या बहिणीनं केले होते. ती शाळेत होती. तिच्या वडिलांनी सहज विचारलं, "कसे झाले पोहे?" मी म्हणालो, "चांगले आहेत, मीठ राहिलंय." आतल्या खोलीतून कोणीतरी खुदकन हसलं. त्या हसण्याशीच माझं लग्न झालं, असं मी मानतो. धाकटीनं मात्र ती गोष्ट मनात ठेवली. तिच्या हातचं काहीही नवं झालं की पहिला डबा आमच्याकडे मलकापूरला यायचा. "ताई त चांगलंच म्हनन, भाऊजीले इचारा," असा वर निरोप.

ताईला, म्हणजे माझ्या बायकोला, जाऊन या वाईनच्या वेळी वर्ष होत आलं होतं. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून मी निवृत्त झालेलो, घरी पुस्तकं भरपूर, आणि वाचन असं की दुपारी उघडलेलं पान संध्याकाळी तेच. धाकटी गाडी घेऊन दारात आली. म्हणाली, "चला. आधी तुमची जीभ तयार करू, मग माझी बाटली."

मी तिला एक गोष्ट सांगितली नव्हती. अस्थी घेऊन काशीला गेलो तेव्हा तिथल्या गुरुजींनी रिवाजाप्रमाणं सांगितलं, गेलेल्या माणसासाठी एक फळ खायचं कायमचं सोडा. लोक यातून शिताफीनं वाट काढतात. आमच्या एका नातलगानं फणस सोडला, ज्याचा त्याला वासही सहन होत नाही. मी विचार न करता संत्रं म्हणालो. हिवाळ्यात दुपारी ती अंगणात उन्हाला बसून संत्री सोलायची. फोडीवरचा एकेक पांढरा धागा काढायची, पोट फाडून बिया काढायची, आणि ताटली माझ्या पुस्तकाच्या पानावरच ठेवायची, म्हणजे मला वाचन थांबवावंच लागे.

पण जीभ तयार करायला द्राक्षं आणि जांभळं होती. तोवर माझं काही बिघडत नव्हतं.

पहिल्यांदा आम्ही राजूर घाट चढून, चिखलीवरून पार खाली जालन्याच्या बाजूला गेलो. द्राक्षाचा मळा, त्यातच घर, आणि घराच्या पुढच्या हॉलमध्ये टेस्टिंग रूम. उंच दांड्याचे ग्लास शोकेसमध्ये, लग्नात आलेल्या घड्याळाशेजारी. घरधन्यानं ग्लास कसा फिरवायचा ते दाखवलं आणि आमच्यामध्ये एक स्टीलची बादली ठेवली.

"हे कशाला?" धाकटीनं विचारलं.

"थुकायला. चव घ्यायची अन् थुकायचं. बाहेरचे पाव्हणे तसंच करतेत."

"लोकाच्या घरी, दिलेलं, थुकायचं?" ती माझ्याकडे वळली. "भाऊजी, तुम्ही थुकान त मी इथून पायी जाईन."

घरधन्याची आई दारात शेवेची बशी घेऊन उभी होती. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मी बी हेच म्हणते," ती म्हणाली, "पण माझं कोण ऐकतंय." बादली तिनं स्वतः उचलून नेली. परिणाम असा झाला की मी चिखलीपर्यंत झोपलो, आणि गाडी चालवायची म्हणून धाकटीनं ओठसुद्धा ओले केले नव्हते, ती घाटभर मला टोमणे मारत राहिली.

पुढच्या रविवारी मेहकरकडे. हिवरा आश्रमावरून पुढं जाऊन, आतल्या रस्त्याला, जांभळाची वाईन करणारं नवरा-बायकोचं घर होतं. धाकटीच्या संत्र्यांची वाईन त्यांच्याच टाकीत झाली होती. त्यांची टेस्टिंग रूम म्हणजे गोठ्याची धुऊन चुना दिलेली एक बाजू. पलीकडच्या बाजूला म्हैस होतीच, आणि भिंत अर्धीच असल्यामुळे ती प्रत्येक ग्लासाकडे लक्ष ठेवून होती. घरधनीण ग्लास असा फिरवायची जसं आरतीचं ताट फिरवावं. जांभळाची वाईन तुरट, गडद, छान होती. मी दुसऱ्यांदा मागितली, आणि मग लक्षात आलं की ताई गेल्यापासून मी कोणाकडे काही दुसऱ्यांदा मागितलं नव्हतं.

निघताना त्यांनी संत्र्याची बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून धाकटीच्या हातात दिली. ती बाटली तिनं माझ्या मांडीवर ठेवली. खामगाव येईपर्यंत मी ती तशीच धरून बसलो, मग संत्रं सोडल्याचं सांगून टाकलं.

तिनं बाटलीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "वाईन म्हंजे फळ थोडीच हाय?"

"मग काय आहे?"

"पेय."

"कशाचं?"

"भाऊजी, तुम्ही ना." मग पुन्हा, "आधी काऊन नाही सांगितलं? दुसरं कोणी पाहिलं असतं."

"कोण?"

सासऱ्यांना चालेल असा दुसरा माणूस असता तर ती मला कशाला घाटातून फिरवत होती?

सोनाळ्याला पोचलो तेव्हा सासरे ओसरीत बसलेले. समोर स्टूल, स्टुलावर चहाचे काचेचे ग्लास धुऊन उपडे ठेवलेले. तिनं बूच काढलं आणि एक ग्लास भरून माझ्यासमोर ठेवला. मग त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मामाजी, भाऊजीनं ताईसाठी संत्रं सोडलं हाय. ते पिनार नाहीत. वासावरून सांगतीन."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली. "चालते. सांगा पाव्हणे, पन तोंड पाहून नका सांगू."

मी ग्लास नाकाशी नेला. वास फार सुंदर होता. हिवाळ्याची दुपार होती त्यात, साल फोडताना उडणारा तो बारीक फवारा होता. एवढ्यावर थांबून "उत्तम" म्हणालो असतो तर खोटं झालं नसतं. माझा नेम राहिला असता, तिला गोदाम मिळालं असतं, चहा पिऊन मी मलकापूरला गेलो असतो. तिनं मला सोडवलं होतं, आणि स्वतःची सोयही करून घेतली होती. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. बाटलीचं बूच बोटांत फिरवत होती. तिला फक्त हो ऐकायचं असतं तर तिनं माझं नाव सांगितलंच नसतं.

मी घोट घेतला.

आधी गोडसर, मग आंबट, मग सगळं छान संपलंय असं वाटत असतानाच जिभेच्या मागून कडू यायला लागलं आणि बराच वेळ येत राहिलं.

"वास छान आहे," मी म्हणालो. "पण मागून कडू लागते. हिनं धागे आणि बिया काढल्या नाहीत."

"म्हंजे नाही," सासरे म्हणाले.

"यंदा नाही."

धाकटीनं माझ्या हातातून ग्लास घेतला, उरलेली वाईन स्वतः प्यायली, तोंड वाकडं केलं. "इतक्या फळाचे धागे कोण काढत बसन, असं वाटलं मले," ती म्हणाली. मग डोळे पुसत हसायला लागली. "ताईनं काढले असते."

"हो," मी म्हणालो. "तिनं काढले असते."

गोदामात कापूस पडला. दिवाळीनंतर नवा बहार उतरायला लागला तेव्हा तिनं मला फोन केला. "कडू म्हनाले ना? मंग या सोलाले."

गेलो. ओसरीत गोणपाट अंथरून ती, बागेतल्या दोघी बाया आणि मी बसलो. वाचून वाचून माझी बोटं अशा कामाला निरुपयोगी झालेली. पहिल्या तासात मी फोडी सोलण्यापेक्षा चिरडल्या जास्त. नंतर जमलं. धागा वरच्या टोकाकडून धरला तर अख्खा निघतो, हे हातांना समजलं. ताटली भरत आली. मी एकही फोड खाल्ली नाही. तो घोट धाकटीसाठी होता, फळ अजून ताईसाठी सोडलेलंच आहे.

सासरे गोदामाकडून आले. धोतराला कापूस चिकटलेला. उभ्या उभ्या माझ्या ताटलीतली एक फोड उचलून तोंडात टाकली, सावकाश चावली, आणि तळहातावर काहीतरी काढून माझ्यापुढं धरलं.

"बी राह्यली, पाव्हणे," ते म्हणाले आणि दुसरी फोड तपासायला खाली बसले.