आम्ही वाईटला जाऊन आलो

“वाईटला कशाला जाताय? चांगल्या ठिकाणी जा की!” हर्णैहून सासूबाईंचा फोन. समीरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, हसत फोन माझ्या हातात कोंबला. आयल ऑफ वाईट हे इंग्लंडच्या दक्षिणेचं बेट आहे, हे त्यांना मीच समजावायचं!

निमित्त आमच्या साराचं. सुट्टीनंतर तिला वर्गात इंग्लंडमधल्या एका छोट्या, जुन्या अँग्लो-सॅक्सन राज्याबद्दल बोलायचं होतं आणि शेवटी ‘मी कुठली’ हेही सांगायचं होतं. राज्य तिने पटकन निवडलं, याच बेटावरचं; दुसऱ्या प्रश्नाला मात्र रडकुंडीला आली. जन्म कुवेतचा, घर तिथल्याच महबूला भागात, आडनाव हर्णेकर आणि हर्णै म्हणजे फक्त सुट्टीतला मुक्काम. “मम्मा, आय ॲम फ्रॉम नोव्हेअर.” मला ते फार लागलं.

व्हिसाचा अर्ज बराच आधी करा, उन्हाळ्यात कुवेतमधून सगळेच पळत असतात. हीथ्रोहून बसने पोर्ट्समथ, तिथून बोटीने बेटावरचं रायड. बोटीतून उतरल्यावर खेकड्याचं सँडविच खाल्लं. छान होतं, पण समीरने पिशवीतून मसाल्याची पुडी काढलीच. जुलैत स्वेटर घालायला मिळाला, यातच माझे पैसे वसूल.

दुसऱ्या दिवशी दुमजली बसने न्यूपोर्ट, पुढे चढ चालत कॅरिसब्रुकचा किल्ला. तटावर असा वारा की माझी ओढणी सांभाळता सांभाळता नाकीनऊ आले. किल्ला दाखवणाऱ्या आजीबाई मोठ्या गप्पिष्ट. त्यांनी सांगितलं, बेटावर एकेकाळी स्वतंत्र राज्य होतं. शेजारच्या वेसेक्सच्या राजाने ते जिंकलं, इथला शेवटचा राजा मारला गेला. त्या लोकांचं नाव साराने आपल्या कागदावरून मोठ्याने वाचलं, “वाईटवारा.”

आणि स्वतःच खो खो हसत सुटली. “मम्मा, वाईट वारा! खरंच आहे!” घरी मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देणारी माझी लेक मराठीत विनोद करत होती. मला तिथेच नाचावंसं वाटलं.

आम्ही का हसतोय ते आजीबाईंना सांगितलं, तर त्याही हसल्या. म्हणाल्या, “उच्चार तेव्हा वेगळा होता. पण ‘वारा’ म्हणजे तिथे राहणारे.”

“आपल्या ‘कर’सारखं!” समीर म्हणाला. “वाईटकर!”

सारा विचारात पडली. “पण ते मूळचे इथलेच होते का?”

“छे,” आजीबाई म्हणाल्या, “समुद्रापलीकडून होड्यांतून आलेले. राहिले इथे, म्हणून नाव इथलं.”

परतीच्या बोटीत तिने तो कागद काढून कोपऱ्यात काहीतरी लिहिलं.

महबूलाला पोचलो. दार उघडताच गरम हवेचा झोत आला, एसी लावला, बॅगा तशाच टाकल्या. तेवढ्यात सासूबाईंचा फोन. “कशी आहे माझी हर्णेकरीण?”

साराने फोन ओढून घेतला. “आजी, मी महबूलाकर!”

माझा जीव टांगणीला. मग सासूबाई म्हणाल्या, “बरं बाई. पण महबूलाकरांना सुरमई कोण तळून घालतं?”

“हर्णेकर!” सारा ओरडली. वर्गात काय सांगायचं, हे तिने मला पुन्हा विचारलं नाही.