जोडलेला शेवट

धर्मशिक्षणाच्या त्या महाविद्यालयात लेखन शिकवणाऱ्या बाईंना मुलं पाठीमागे ठसकाबाई म्हणत. बाईंच्या ते कानावर होतं, आणि नाव शोभतंय असं त्यांचंही मत होतं. पुढे हीच मुलं लोकांना धर्म सांगणार. त्यांनी निदान स्वतःशी खोटं बोलू नये, एवढीच बाईंची धडपड. म्हणून वर्गाच्या ब्लॉगसाठी त्या दर आठवड्याला एक प्रश्न देत, आणि प्रश्न असा की मुलांनी डोकं धरून बसावं. कुणाला क्षमा करणं तुम्हाला जमलेलं नाही? कुणी बघत नसलं की प्रार्थना किती घाईत उरकता?

"बाई, कृतज्ञतेवर द्या ना काहीतरी," एकजण कुरकुरला.

"कृतज्ञतेवर तू झोपेतसुद्धा लिहिशील. जागेपणी काय लिहितोस ते मला बघायचंय."

त्या आठवड्याचा प्रश्न होता, कोणती प्रार्थना तुम्ही म्हणायची सोडलीत?

वर्गात एक विद्यार्थिनी वयाने सगळ्यांत मोठी, पूर्वी रुग्णालयात आया असलेली. सगळे तिला ताई म्हणत. तिने लिहिलं की वडील अंथरुणाला खिळले तेव्हा ते बरे व्हावेत म्हणून ती रोज प्रार्थना करायची. पुढे त्यांचं कण्हणं ऐकवेना, तेव्हा तीच प्रार्थना म्हणत ती मनात त्यांचं मरण मागू लागली. वडील गेले. तेव्हापासून ती प्रार्थना ओठांवर येत नाही. लेख तिथेच थांबला होता. बाईंनी अक्षरही न बदलता तो ब्लॉगवर चढवला.

दोन दिवसांनी ताई वर्गाबाहेर उभी. डोळे सुजलेले.

"बाई, शेवट तुम्ही बदललात?"

तिने फोन पुढे केला. लेखाखाली नव्या ओळी होत्या, 'परंतु आज माझे मन शांत आहे. श्रद्धेने मला सावरले.' त्याखाली अभिनंदनाची रीघ.

"आईने वाचलं. 'सुटलीस गं बाई,' एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. मी कुठे सुटलेय, बाई? लोक अभिनंदन कशाचं करतायत?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्या तडक प्राचार्यांच्या खोलीत शिरल्या.

"हो, मीच जोडलं," प्राचार्य शांतपणे म्हणाले. "पालक वाचतात, देणगीदार वाचतात. शेवट गोड व्हायला हवा."

"मग स्वतःच्या नावाने लिहा! तिच्या नावावर कशाला?"

"दुखऱ्या माणसाला असं उघड्यावर सोडायचं का, बाई?"

"म्हणून त्याच्या तोंडात बोळा कोंबायचा?"

प्राचार्यांनी चष्मा पुसला. "त्या ओळी काढल्या, तर पुढच्या सत्रात हा वर्ग दुसरं कुणी घेईल."

संगणकाच्या खोलीत बाईंनी ताईला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं.

"राहू द्या, बाई. माझ्यापायी तुमच्या पोटावर पाय नको."

"माझ्या पोटाचं मी बघते. लेख तुझा आहे. ठेव, नाहीतर सगळा पुसून टाक. पण काय ते तू ठरव."

ताईने लेख उघडला. मग तिने जोडलेल्या ओळी तेवढ्या पुसल्या आणि आईला फोन लावायला व्हरांड्यात गेली. परत येऊन ती सांगू लागली.

"मी म्हटलं, 'आई, ते शांतीचं मी नव्हतं लिहिलं.' तर ती ओक्साबोक्शी रडायलाच लागली. म्हणाली, 'अगं, मीपण तेच मागत होते. तुला शांती मिळाली असं वाचलं आणि वाटलं, या घरात पापी ती मी एकटीच.'"

बाईंनी तिला पाणी दिलं, खुर्चीत बसवलं आणि पुन्हा जिना चढल्या. या वेळी दारावर टकटकही केली नाही. ओळी पुसल्याचं आणि ताईची आई काय म्हणाली ते, दोन्ही त्यांनी प्राचार्यांना शब्दाला शब्द सांगितलं.

"वर्ग कुणाला द्यायचा त्याला खुशाल द्या," बाई म्हणाल्या. "पण त्या माउलीला फोन तुम्ही लावायचा. त्या ओळी कुणाच्या, ते तुमच्या तोंडून कळू दे तिला."

"आत्ता?"

"आत्ता," म्हणत बाईंनी टेबलावरचा फोन त्यांच्याकडे सरकवला आणि खुर्ची ओढून समोर बसल्या.